तुझ्या बाजूच्या सहा चौकटी

जगन, तुझ्या बायकोने मला कामाला लावलंय. तुझं बारावंसुद्धा अजून व्हायचंय. परवा कोळीवाड्यात तुमच्या घरी आले होते. ओटीवर बायका बसलेल्या, म्हणून लवकर निघाले, तर कुंदा दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "ताई, रविवारी मंडलाच्या हॉलात सभा ठेवलीय. सगले बोलतात मोठा फोटो लावू. मना नको फोटो. फोटोत ते कवा नीट आलेच नाय, डोले मिटलेले असतात. तुमी दोघं काढायचे ना चौकटींची चित्रं, तशी काढा त्यांची." मी हो म्हटलं. तिला नाही कसं म्हणणार?

आता मी ठाण्याला नौपाड्यात, आपल्या स्टुडिओत बसलेय. सकाळची वेळ आहे. खालच्या दवाखान्यात नंबर लागलेत, खोकल्याचे आवाज वर येतायत. टेबलावर आपला तोच छापील कागद आहे. बारा चौकटी, टीव्हीच्या पडद्यासारखे कोपरे गोल केलेल्या. प्रत्येकीखाली दोन ओळी, एक 'काय दिसतं' आणि एक 'काय ऐकू येतं'. पहिल्या सहा काढून झाल्या. पुढच्या सहा तुझ्या बाजूच्या, म्हणून मी पेन्सिल खाली ठेवली आणि सवयीने समोर बघितलं, तू कुठपर्यंत आलास ते बघायला. तुझं स्टूल रिकामं आहे हे मला माहीत होतं, तरी बघितलं.

रविवारपर्यंत हा कागद पुरा करायचाय आणि मला तो पुरा करता येत नाहीये, म्हणून तुझ्याशी बोलतेय. शिवाय एक जुना प्रश्न आहे. तू शेवटून का काढायचास? इतकी वर्षं विचारलं आणि तू धड उत्तर दिलं नाहीस. आता तर तू कायमचाच सुटलास.

आपण नक्की काय काम करतो हे माझ्या सासूबाईंना समजावताना मला घाम फुटायचा. त्यांना वाटायचं मी कार्टून काढते, आणि कार्टून काढायला एवढ्या शिकल्यासवरल्या बाईला पगार कोण देतं हे त्यांना कोडं होतं. शेवटी मी त्यांना सांगितलं, टीव्हीवर हलत्या चित्रांची जाहिरात येते ना, वीस सेकंदांची, तिच्यासाठी सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. पंधरा-वीस माणसं महिनाभर पारदर्शक कागदांवर रंग भरत बसतात. पण जाहिरात देणाऱ्या मालकाला आधी कळायला हवं की शेवटी काय दिसणार आहे. साडीवाला अख्खी साडी उलगडायच्या आधी काठ-पदर दाखवतो, तसे आम्ही आधी काठ-पदर काढतो, बारा चित्रांत. ते त्यांना लगेच पटलं. त्यानंतर त्या शेजारणींना सांगायच्या, आमची सून काठ-पदराचं काम करते. तुला हे सांगितल्यावर तू दोन दिवस मला शालूवाली म्हणत होतास.

आपण दोघंही एकाच वेळी इथे लागलो. दोघांकडे कमर्शिअल आर्टचा डिप्लोमा, दोघांनाही आपलं ड्रॉइंग चांगलं असल्याची खात्री. सर, म्हणजे आपल्या स्टुडिओचे मालक, पहिल्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन बसले. मजकूर मोठ्याने वाचायचे, घड्याळ दाबायचे, 'इथे चार सेकंद, इथे दोन' असं कागदावर टिपायचे. वाचून झालं की कागद आपल्या हातात. आधी निळ्या पेन्सिलीने कच्चं, मग शाई, मग रंग, मग चौकटी कापून काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, की झाला बोर्ड. हे सगळं मला कॉलेजात शिकवलेलं होतं. तुलाही शिकवलं असणारच. पण तू कागद ओढलास आणि सरळ बाराव्या चौकटीत हात घातलास.

मी म्हटलं, "अरे, पहिली चौकट इकडे आहे."

"म्हायतेय गो. ती कुठं पलते?"

मला वाटलं नवा आहे, भाव खातोय. पण तू रोज तेच करायला लागलास. बारावी, मग अकरावी, मग दहावी. सरांना विचारलं, तर ते कौतुकाने म्हणाले, "हुशार मुलगा आहे. मालक लोक आधी शेवटची चौकट बघतात, आपला डबा केवढा दिसतो ते. हा हात ताजा असताना तीच रंगवून घेतो." तू मागे उभा राहून मान डोलावलीस. झेरॉक्सवाल्याला तू सांगितलंस की पहिल्या चौकटीपासून सुरुवात करणं तुझ्या पत्रिकेत नाही. मला तर दर वेळी नवं कारण मिळायचं. एकदा म्हणालास, मी डावखुरा आहे, डावीकडून काढलं की बाहीने शाई पुसते. ते मी खरं मानलं. संध्याकाळी तू उजव्या हाताने बिलावर सही करताना दिसलास.

मग ती डासांच्या कॉइलची जाहिरात आली. कारखाना शीळफाट्याच्या रस्त्याला होता, मालक खडूस होते आणि त्यांना टीव्हीवर पहिल्यांदाच यायचं होतं. डास हा आपला नायक. तू म्हणालास, आधी डास नीट बघायला हवा. ठाण्याचे डास तुझ्या पसंतीस उतरेनात. "आमचे खाडीचे डास बारीक असतात गो, अंगात काय नाय. तुमच्या डोंबिवलीत गटारावर पोसलेले हायत, ते दाखव." मी तुला खरंच घरी घेऊन आले. संध्याकाळी गॅलरीत तू हात उघडे टाकून बसलास, मांडीवर कागद. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं डोंबिवलीत राहते, पण डास बघायला आलेला पाहुणा पहिल्यांदाच बघितला." तू मान वर केलीस. "आजी, डासच पाहुना. बॅग घेऊन येतो, जायचं नाव घेत नाय." तिथेच आपली गोष्ट झाली. डास बॅग घेऊन एका घरी उतरतो, गादी-उशी बघून खूश होतो, मुक्काम ठोकतो, मग कॉइल लागते आणि त्याला बॅग उचलावी लागते.

तो बोर्ड तू एकट्याने काढलास, अर्थातच शेवटून. बाराव्या चौकटीत घरची माणसं गाढ झोपलेली आणि पुढे कॉइल, मालकांना आवडेल अशी अख्खी, गरगरीत, हिरवीगार. मग अकरावी काढताना तुला वाटलं की कॉइल जळायला हवी, म्हणून थोडी कमी केलीस. दहावीत आणखी कमी. अशी कमी करत करत तू सुरुवातीला येऊन पोचलास. खालच्या ओळी मी लिहिल्या, सरांनी तपासल्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. आपण रिक्षाने बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून शीळफाट्याला घेऊन गेलो. मालकांनी चष्मा लावून पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत बोट फिरवलं, मग परत फिरवलं आणि विचारलं, "आमची कॉइल रात्रीत वाढते का हो?"

तू जराही न चाचरता म्हणालास, "साहेब, संपतच नाही असं सुचवलंय."

मालक हसले नाहीत. सरांचा चेहरा मला अजून आठवतो. परवापर्यंत नवा बोर्ड हवा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, असं ऐकून आपण परत आलो. येताना रिक्षात तू एकदाच बोललास, "पन कॉइल झकास आली होती." मी चिडून हसले, आणि हसल्यामुळे जास्तच चिडले.

वेळ नव्हता. कागद मध्ये ठेवला, एका बाजूला मी आणि समोर तू. मी पहिलीपासून सुरू केलं, तू बारावीपासून. कॉइल किती जळलेली कुठल्या चौकटीत, एवढं आधी ठरवून घेतलं. बाकी काही ठरवलं नाही आणि तीच चूक झाली. दुपारी आपण मधे येऊन भेटलो, तर माझ्या सहाव्या चौकटीत डासाची बॅग उजव्या हातात आणि तुझ्या सातवीत डाव्या. दोघांची शाई झालेली. मी म्हटलं, तू बदल. तू म्हणालास, तू बदल. सर दोघांकडे बघत उभे. मग तू सहावी आणि सातवीच्या मधल्या पट्टीत एक छोटा बाण काढलास आणि खाली लिहिलंस, 'डास बॅग या हातातून त्या हातात घेतो. बॅग जड आहे.' झालं. मालकांना अख्ख्या बोर्डात तेवढंच मनापासून आवडलं. पुढे जाहिरात लागली तेव्हा आमच्या सोसायटीतली पोरं तसाच दमलेला डास करून दाखवायची, दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर.

तेव्हापासून तीच आपली पद्धत पडली. मी पुढून, तू मागून. दंतमंजन असो, नीळ असो, पंखा असो. नव्याने येणाऱ्यांना वाटायचं ही काहीतरी परदेशी रीत आहे. ती एका चुकलेल्या कॉइलमधून निघाली हे आपण कोणाला सांगितलं नाही. मी कागदावर वाकलेली असायचे तेव्हा पलीकडून तुझ्या पेन्सिलीची करकर जवळ येत जायची, आणि मला बरं वाटायचं की समोरून कोणीतरी येतंय. हे मी तुला कधी बोलले नाही. कामाच्या जागी असं कोण बोलतं?

भांडणं मात्र भरपूर केली. सर्वांत मोठं त्या डासावरूनच, आणि ते आजही मिटलेलं नाही. शेवटी डासाचं काय होतं? मालकांना तो मेलेला हवा होता, पाय वर करून. मला तो खिडकीतून बाहेर उडताना दाखवायचा होता. नाहीतर बघणाऱ्याला कळणार कसं की तो गेला? तुला दोन्ही नको होतं. तू नुसती उघडी खिडकी काढली होतीस आणि हलणारा पडदा.

"गेलेला दाखवायचा नाय गो. खिडकी दाखव. बघनारा आपोआप शोधतो."

"आणि नाही शोधला तर?"

"तर तो त्याचा कोन नव्हताच."

"जगन, डास आहे तो. आत्याचा मुलगा नाही."

तुझी मुलगी तेव्हा लहान होती. तिलाही तू मेलेला डास बघू दिला नाहीस. जाहिरात मालकांच्या मनासारखी झाली, पाय वर करून, आणि ती टीव्हीवर लागली की तू शेवटचे दोन सेकंद पाणी प्यायला उठायचास. कुंदा सांगत होती. मी म्हटलं, इतका हळवा होता तर मासळीच्या घरात वाढला कसा? ती म्हणाली, "मासलीचा वेगला. तिला ते नाव नाय ठेवायचे." त्या डासाला तू नाव ठेवलं होतंस, हे मला परवा कळलं. काय ठेवलं होतंस ते तिलाही माहीत नाही.

माझी मुलगी आजारी पडली होती तो आठवडा माझ्या सहाव्या चौकटीत आहे. ताप उतरत नव्हता, मी घरी होते, आणि पंख्याच्या कंपनीचा बोर्ड द्यायचा होता. सर तुला म्हणाले, पूर्ण करून टाक, तुला काय अवघड आहे? खरंच अवघड नव्हतं. पण तू सहा चौकटी काढल्यास, कागद नळकांड्यात घातलास आणि डोंबिवलीला माझ्या दारात येऊन उभा राहिलास. एका हातात नळकांडं, दुसऱ्या हातात पापलेट. म्हणालास, "तुझी बाजू राहिलीय." मी मुलीच्या उशाशी बसून ती बाजू काढली. त्या दिवसांत मला दुसऱ्या कशाने इतका धीर आला नसता. तू तेव्हा स्वयंपाकघरात सासूबाईंना पापलेट कसं साफ करायचं ते शिकवत होतास आणि त्या ब्राह्मण बाई कोपऱ्यात नाकाला पदर लावून, पण अगदी लक्ष देऊन, बघत होत्या.

मग कॉम्प्युटर आले. धूळ नको म्हणून सरांनी खिडकी बंद केली आणि एसी लावला. तू रोज सकाळी आल्या आल्या खिडकी उघडायचास, सर बंद करायचे, तू परत उघडायचास. कॉम्प्युटरवर चौकटी कुठूनही कुठेही नेता येतात, सातवी उचलून तिसरीत टाकली तरी चालते. मी तुला म्हटलं, आता तुझं शेवटून काढणं संपलं. तू तुझं स्टूल ओढून स्क्रीनच्या मागे ठेवून बघितलंस. म्हणालास, "समोरासमोर बसता येत नाय पन." ती गोष्ट खरी होती. कॉम्प्युटरसमोर दोघं एकाच बाजूला बसतात.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी आपण पुन्हा त्याच विषयावर आलो होतो. मी विचारलं, खरं सांग आता, म्हातारे व्हायला आलो. तू डब्याची पिशवी घेऊन दारात पोचला होतास. म्हणालास, "उद्या सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या डॉक्टरांनी मला जिन्यातच थांबवलं आणि तू गेल्याचं सांगितलं. तुझ्याशी मी इतकी वर्षं भांडले, पण रागावले फक्त त्या सकाळी. उद्या सांगतो म्हणून माणूस असा जातो का?

परवा दारात कुंदालाच विचारलं, "कुंदा, तो चित्रं शेवटून का काढायचा गं?"

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. "म्हंजे? तुमाला नाय म्हायती? मना वाटलं तुमीच शिकवलंय."

मग म्हणाली, "सासूची एक सवय होती. दर्यावरून होरी यायच्या आधी ताटं मांडून ठेवायची. आधी ताटं, मंग भात. आमी हसायचो. ती बोलायची, मांडलेल्या ताटांकडे बघितलं का कोन यायचंय ते समजतं. पन त्याचा नि जाहिरातीचा काय संबंध ताई?"

मलाही काही संबंध दिसला नाही. मी चपला घालून निघाले.

आज इथे बसून माझ्या सहा चौकटी काढल्या. पहिलीत नोकरीच्या पहिल्या दिवशीचा तू दारात उभा आहेस, हातातली चित्रांची फाइल जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधलेली. मग शालूवाली, डोंबिवलीची गॅलरी, शीळफाट्याचा मालक, बॅग बदलणारा डास, पापलेट. सहावीपर्यंत सरळ आले. सातवीत पेन्सिल टेकवली आणि काही उमटेना. पुढे काय काढायचं? आजार नव्हता, हॉस्पिटल नव्हतं, काढण्यासारखं काही घडलंच नाही. बराच वेळ गेला. खालच्या दवाखान्यातले पेशंट संपत आले.

मग मी कागद फिरवला. उठून तुझ्या स्टुलावर जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा बारावी चौकट आधी काढली. सरांचा एसी चालू होता, तरी उठून खिडकी उघडली, कारण बंद खिडकी मला काढता येईना. उघडी खिडकी काढली. टेबल काढलं. माझी खुर्ची, त्यावर मी. समोर तुझं स्टूल. 'काय ऐकू येतं'च्या ओळीत लिहिलं, खोकला, रिक्षा, पेन्सिल नाही. आणि काढून झाल्यावर त्या चौकटीकडे बघत बसले तेव्हा मला तुझ्या आईची ताटं कळली रे. आधी हीच काढायची, म्हणजे हिच्यात काय नाही ते दिसतं. झोपलेल्या घरात डास नाही. हसऱ्या तोंडात दातदुखी नाही. जे नाही ते समजलं, की मागे जात जात प्रत्येक चौकटीत तेच भरत जायचं. तू इतकी वर्षं हेच करत होतास, की खरंच पत्रिका आणि बाहीची शाई होती, हे मला कोणी सांगणार नाही. तू असतास तर नक्की काहीतरी तिसरंच सांगितलं असतंस.

डासाचं भांडण मात्र तू जिंकलास. तुला जाताना मी कुठेच दाखवलेलं नाही. खिडकी उघडी आहे, रविवारी तुझी माणसं येतील, शोधतील.

आता मी मागे यायला लागलेय. अकरावीत तू आहेस. त्या शेवटच्या संध्याकाळचा, दारात अर्धा वळलेला, 'उद्या सांगतो' म्हणताना. चेहरा जमला, शर्टाच्या गुंडाळलेल्या बाह्या जमल्या, चपला जमल्या. माझ्या पहिल्या चौकटीत तुझी फाइल उजव्या हातात आहे. त्या संध्याकाळी मी मान वर करून नीट बघितलं नाही, उद्या दिसशीलच म्हणून. पेन्सिल हातात घेऊन थांबलेय, जगन. डब्याची पिशवी कुठल्या हातात होती?